‘चालतंय तोवर चालू दे’ हे धोरण आता पुरे



पत्रिकेच्या या पानावर एरवी उसाची लागण, खोडवा, ठिबक आणि खताच्या मात्रा यांवर लिहिणे होते. या खेपेस आम्ही थोड्या वेगळ्या विषयावर चार शब्द लिहीत आहोत. विषय आहे मोटारीच्या इंजिनातील टायमिंग बेल्टचा, म्हणजे त्या दातेरी रबरी पट्ट्याचा. ‘हा काय विषय झाला?’ असे काही जण म्हणतील. नऊ महिने आम्हीही तसेच म्हणत होतो. त्या नऊ महिन्यांची आम्हांस काय किंमत मोजावी लागली, आणि आमच्या हातून दुसऱ्या कुणाला ती मोजावी लागण्याची वेळ कशी आली होती, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आज आपल्या शिवारात बहुतेक घरांसमोर चारचाकी उभी दिसते. पूर्वी गावात एखादी जीप असे आणि तिच्यावर अख्ख्या गावाची अडीअडचण भागे. त्या काळच्या ॲम्बॅसॅडरमध्ये किंवा प्रीमिअर पद्मिनीत हा रबरी पट्टा नव्हताच. तिथे लोखंडी साखळी होती. ट्रॅक्टरच्या इंजिनात तर आजही बहुधा गिअरच असतात. त्यामुळे आपल्यातल्या जुन्या जाणत्या मंडळींना, ज्यांनी आयुष्यभर इंजिने हाताळली, त्यांनाही या पट्ट्याची धास्ती ठाऊक नाही. ‘इंजिन म्हंजे ऑइल-पाणी बघितलं की झालं,’ हे त्यांचे म्हणणे त्यांच्या इंजिनापुरते बरोबरच होते. पण काळ बदलला, इंजिन बदलले आणि आपला हिशेब मात्र तोच राहिला.

पट्टा करतो काय?

थोडे समजून घेऊ. इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वर-खाली होतात आणि तो फिरतो. इंजिनाच्या डोक्यावर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्हमधून हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. खालचा शाफ्ट दोन फेरे फिरला की वरच्याचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. हा मेळ तंतोतंत राखायचे काम त्या पट्ट्याचे. आपली गाडी रस्त्याला लागून क्रँक मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात सोळा-सतरा वेळा उघडतो आणि मिटतो. हा सगळा कारभार हाताच्या दोन-तीन बोटांएवढ्या रुंदीच्या रबरावर चाललेला असतो.

१९६० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनीतील ग्लास कंपनीने आपल्या १००४ या छोट्या गाडीत असा पट्टा वापरला आणि पुढे तो जगभर पसरला. तो आवाज करीत नाही, वजनाला हलका, किमतीला स्वस्त, आणि त्याला तेल लागत नाही. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये तो होता. पुढे इंडिका डिझेल, जुनी सँट्रो, अडीच लिटरची इनोव्हा, डस्टर डिझेल अशा कितीतरी गाड्यांत तो आला. उलट स्विफ्टच्या डिझेल इंजिनात आणि इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलमध्ये साखळी आहे. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे, हे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नये. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत बघावे, किंवा इंजिन क्रमांक सांगून जाणत्या मिस्त्रीला विचारावे.

आता मुख्य मुद्दा. पट्टा चालत्या इंजिनात तुटला की वरचा कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. जे व्हॉल्व्ह उघडे होते ते उघडेच राहतात. खालचा क्रँक मात्र वेगाच्या भरात फिरतच असतो आणि पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. काही पेट्रोल इंजिनांत मधे पुरेशी जागा असते, तिथे नुसती गाडी बंद पडण्यावर निभावते. डिझेलमध्ये ती सोय नाही. डिझेल दाबाने पेटते, म्हणून पिस्टन आणि हेड यांच्यात शेवटी जेमतेम मिलिमीटरभर अंतर राहते. तिथे व्हॉल्व्ह वाकणार म्हणजे वाकणारच. पिस्टनला मार बसतो, गाइड फुटतात, कधी हेडही जाते. पट्ट्याची किंमत हजारांत दोन-तीन, आणि तो तुटल्यावर नुकसान अर्ध्या इंजिनाचे. असा हा व्यवहार आहे.

आमची गोष्ट

आमची डिझेल गाडी आम्ही जुनी घेतली. उसाचे बिल जमा झाले, मुलाने हट्ट धरला, आणि सौदा झाला. घेताना रंग पाहिला, टायर पाहिले, सीटकव्हर पाहिले. पट्टा कधी बदलला, हे ना आम्ही विचारले, ना विकणाऱ्याने सांगितले.

मागल्या एप्रिलात सर्व्हिसिंगला गाडी टाकली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “दादा, टायमिंग बेल्ट बदलून घ्या. कधीचा आहे काय कळत नाही.”

आम्ही विचारले, “किती जातील?”

“बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, मजुरी, सगळं धरून बारा हजार.”

“अन् नाही बदलला तर?”

“चालंल. पर कवा जाईल त्याचा नेम न्हाई.”

पुस्तिकेत लिहिले होते, एक लाख किलोमीटर किंवा पाच वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते. गाडीच्या मीटरवर ब्याण्णव हजार होते. आम्ही मनाशी हिशेब केला की अजून आठ हजार शिल्लक आहेत. गाडी साडेसात वर्षांची होती, हे आमच्या ध्यानात आले नाही. किलोमीटर वाचले, वर्षे वाचली नाहीत. ‘दिवाळीचं बघू’ म्हटले. दिवाळीला ‘हंगाम सरू दे’ म्हटले. नऊ महिने गाडी तक्रार न करता चालली, आणि जसजशी ती चालली तसतसा आमचा विश्वास वाढत गेला. वास्तविक दर दिवसागणिक तो कमी व्हायला हवा होता.

जानेवारीत आमच्या रानात तोडणी चालू होती. टोळीच्या कोप्या ओढ्याकाठी पडल्या होत्या. एके रात्री अडीचच्या सुमारास मुकादम दारात आला. एका कोयत्यातल्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या, आणि दिवस अजून भरायचे होते. १०८ ला फोन लावला. गाडी दुसरा रुग्ण घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. आम्ही म्हटले, चला, आपली गाडी आहे. बाईला मागे निजवले, सोबत तिची सासू, पुढे तिचा नवरा. तालुक्याचे रुग्णालय अठरा किलोमीटर.

सात किलोमीटर गेलो असू. चढाला लागलो, तोच ‘खाड्’ असा एक आवाज आला आणि इंजिन गप्प झाले. आधी ना धूर, ना दिवा, ना कसली खरखर. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा झाला, आणि गाडी मागे सरकू लागली. हँडब्रेक ओढून कशीबशी कडेला घेतली. हे मुद्दाम लिहीत आहोत. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत जाते, ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, मग पायाची सगळी ताकद लावावी लागते. चढाऐवजी घाटाचा उतार असता तर काय झाले असते, ते आम्ही लिहीत नाही.

त्यानंतर आम्ही जे केले ते कुणीही करू नये. चावी फिरवली. स्टार्टर एरवीपेक्षा हलका, सुळसुळ फिरला. हीच खूण होती, पण ठाऊक कुणाला? पाच-सहा वेळा फिरवला. मग गाडी वळवून उताराला लावली आणि तिच्या नवऱ्याने व आम्ही मिळून धक्का मारला. मिस्त्रीने नंतर सांगितले, “तिथंच थांबला असता तर दोन-तीन व्हॉल्व्हवर भागलं असतं. प्रत्येक धक्क्याला तुम्ही एकेक वाकवत गेला.”

पौषातली थंडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मागच्या सीटवरून कण्हणे ऐकू येत होते. दोन फोन केले, एक लागला, पण त्या घरची गाडी बाहेरगावी होती. चाळीस मिनिटांनी दूध गोळा करायला निघालेला टेंपो आला. त्या पोराने एका शब्दाने विचारले नाही. रिकामे कॅन रस्त्याकडेला उतरवले, पोती अंथरली, आमच्या गाडीतली गोधडी घातली, आणि बाईला घेऊन निघालो. रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ती बाळंत झाली. मुलगी झाली. अशक्त होती, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण आज दोघी सुखरूप आहेत.

डॉक्टरीणबाईंनी एवढेच विचारले, “एवढा उशीर का केला?” आम्ही म्हणालो, “गाडी बंद पडली.” उत्तर खरे होते, पण पुरते खरे नव्हते.

आमचे गाडीचे बिल झाले एकसष्ट हजार. आठांपैकी सहा व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवले, एक पिस्टन बदलला, आणि गाडी तेवीस दिवस गॅरेजात. पण ते पैसे आम्हांस तितके लागले नाहीत. लागली ती दुसरीच गोष्ट. चौथ्या दिवशी त्या बाईचा नवरा आमच्या ओट्यावर आला, उभाच राहिला आणि म्हणाला, “दादा, आमच्यापायी तुमची गाडी मोडली. किती खर्च आला? पट्टीतनं थोडंथोडं कापून घ्या.” त्याला वाटत होते की चौघे बसलो, वजन झाले, घाई केली, म्हणून गाडी मोडली. त्याला सांगावे लागले की बाबा, तुझ्यामुळे नाही, आमच्या आळसामुळे मोडली. हे सांगताना मान वर करवली नाही.

ज्यांचे म्हणणे वेगळे आहे त्यांस

ही हकिगत आम्ही पारावर सांगितली, तेव्हा काही मंडळींनी आक्षेप घेतले. ते खोटे नाहीत, म्हणून त्यांचाही विचार करू.

एक म्हणाले, “गॅरेजवाले भीती घालून पैसे काढतात.” काढतात, नाही असे नाही. पण त्यावर उपाय पट्टा न बदलणे हा नव्हे. पुस्तिकेतला आकडा स्वतः वाचावा, अस्सल सामान मागावे, पक्के बिल घ्यावे आणि काढलेला जुना पट्टा व पुल्या परत मागून घराकडे आणाव्यात. जो मिस्त्री जुने सामान हातात देतो, त्याच्यावर पुढेही विश्वास ठेवता येतो.

दुसरे म्हणाले, “माझा काढून बघितला तर नव्यासारखा होता. पैसे वाया गेले.” हा गैरसमज फार घातक आहे. पट्ट्याची ताकद वरच्या रबरात नसते, आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत असते. ते दोरे आतल्या आत झिजतात. बाहेरून तुकतुकीत दिसणारा पट्टाही दुसऱ्या दिवशी तुटू शकतो. भेगा, उडालेले दाते, तेलाने फुगलेले रबर दिसले तर पट्टा वाईट आहे हे नक्की. मात्र काही दिसले नाही म्हणून तो चांगला, असे होत नाही.

तिसरे म्हणाले, “माझी गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालत नाही, मला काय गरज?” गाडी उभी राहिली तरी रबराचे वय थांबत नाही. उन्हाळा आहे, उंदीर आहेत, इंजिनाची उष्णता आहे. आणि एसी लावून गाडी तासन्‌तास उभी चालू ठेवली, तर मीटर जागचा हलत नाही पण पट्टा फिरतच असतो. म्हणून किलोमीटर आणि वर्षे दोन्ही मोजायची असतात, जे आधी भरेल ते धरायचे.

चौथे म्हणाले, “मी गेल्याच साली बेल्ट बदललाय.” चौकशी केली, तर त्यांनी बाहेरचा, अल्टरनेटरचा बेल्ट बदलला होता. तो दिसतो, सैल झाला की किंचाळतो, तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो. टायमिंग बेल्ट झाकणाआड असतो आणि बहुधा न बोलताच जातो. दोन्ही एक नव्हेत. बिलावर नाव नीट वाचून घ्यावे.

कारखान्याला जे कळते ते घराला का कळू नये?

सभासद हो, खरे तर ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. पट्टी पडला, हंगाम संपला, की आपल्या कारखान्यात काय होते? मिलचे रोलर उतरवतात, ब्रास तपासतात, केन कॅरिअरची साखळी आणि स्लॅट बघतात, पंप खोलतात, नळ्या साफ करतात. त्या वेळी रोलर मोडलेला असतो का? नसतो. चालता रोलरच आपण उतरवतो, कारण तो जानेवारीत मोडला तर तोडलेला ऊस गाडीतच वाळतो, वजन घटते, उतारा पडतो, आणि गव्हाणीपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. बॉयलरचे तर कायद्यानेच ठरलेले आहे. १९२३ च्या कायद्यापासून त्याची ठरल्या मुदतीत तपासणी होते. ‘चांगला चालतोय’ हे कारण तिथे कुणी सांगत नाही.

वार्षिक सभेत हंगामातील बंद तासांवर आपणच तावातावाने प्रश्न विचारतो. अमुक दिवशी मिल का थांबली, ऑफ-सीझनला काय केले, असे कार्यकारी मंडळाला धारेवर धरतो. धरायलाच हवे. पण घरी येऊन त्याच हंगामात, त्याच भरवशावर, न तपासलेल्या इंजिनात आपण म्हाताऱ्या आई-वडिलांना, शाळेच्या पोरांना, अडल्या-नडल्या शेजाऱ्याला बसवतो. कारखान्याला एक नियम आणि आपल्याला दुसरा, हे आमच्या मते बरोबर नाही.

कुणी म्हणेल, बारा हजार काय थोडे आहेत? थोडे नाहीत. बी-बियाणे, खत, मजुरी, मुलांची फी यांतून ते काढणे जड आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ते एकदम काढायचे नाहीत. पाच वर्षांतून एकदा बारा हजार म्हणजे महिन्याला दोनशे रुपये. तेवढे बिलातून बाजूला पडू शकतात. एकसष्ट हजार मात्र एका दिवसात उभे करावे लागतात, आणि तो दिवस आपण निवडलेला नसतो.

काय करावे?

आमची सभासदांस नम्र विनंती अशी. आज घरी जाऊन पुस्तिका काढा. पट्टा असेल तर त्याची मुदत बघा. जुनी गाडी घेतली असेल आणि पट्टा बदलल्याचे बिल हाती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चाला. सौदा करतानाच तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. बदलताना नुसता पट्टा बदलू नका. त्याच्यासोबत टेन्शनर व पुल्या बदला. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही बदला. पंपाची बेअरिंग अडकली तर नवा पट्टाही जातो, आणि खोलण्याची मजुरी दोनदा भरावी लागते. क्रँक-कॅमच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर सील आधी. काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवा.

काही नव्या इंजिनांत पट्टा तेलातच फिरतो. तिथे कंपनीने सांगितलेलेच ऑइल घाला, नाहीतर रबर विरघळून ऑइलची जाळी तुंबते आणि इंजिन कोरडे पडते.

आणि चालता चालता इंजिन एकाएकी गप्प झाले, स्टार्टर सुळसुळ फिरू लागला, तर चावी सोडा. धक्का मारू नका, उताराला लावू नका. गाडी ओढून न्या.

कारखान्याच्या व्यवस्थापनासही एक सूचना करावीशी वाटते. वाहन विभागाने शेती खात्याच्या गाड्यांचे पट्टे कधी बदलले, पुढे कधी बदलायचे, याचा तक्ता गॅरेजच्या भिंतीवर लावावा. दर ऑफ-सीझनला एक दिवस ठरवून सभासदांना पुस्तिका वाचून दाखवण्याची, मुदत सांगण्याची सोय तिथल्या मिस्त्रींकरवी करावी. यात खर्च काही नाही. आपल्या पतसंस्थेने या कामासाठी छोटी हप्त्यांची उचल द्यावी, हेही विचारात घ्यावे.

टोळी मार्चअखेर गावी गेली. जाताना ते दोघे लेकीला दाखवायला आले होते. पोर आता चांगली बाळसे धरून आहे. पुढल्या हंगामात टोळी पुन्हा आपल्याच गटात येणार आहे. रात्री-अपरात्री मुकादम पुन्हा आमच्या दारात येईल, तुमच्याही येईल. तेव्हा गाडी काढताना मनात धाकधूक नसावी, एवढ्यासाठी हा ऑफ-सीझन वाया घालवू नका.